कूलरची विद्युत सुरक्षितता

कूलरची विद्युत सुरक्षितता हा घराबाहेरील ओल्या जागेत लवचीक वायरीवर चालणाऱ्या विजेच्या उपकरणांच्या सुरक्षित वापराचा एक भाग आहे. नागपूर व एकूणच विदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथे मार्चअखेरपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत घरोघरी पाण्याचे कूलर चालतात आणि त्यांतील बहुसंख्य कूलर खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर, गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणात ठेवलेले असतात. पत्र्याची पेटी, तिच्यात साठवलेले पाणी, पाण्यात बुडालेला पंप, २३० व्होल्टांवर फिरणारा पंखा आणि खिडकीतून ओढून नेलेली दोन-तीन मीटर वायर एवढ्या गोष्टी एकाच ठिकाणी येतात. कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. यांपैकी बहुतेक अपघात कूलर चालू असताना पाणी भरताना किंवा पंप हलवताना होतात.

पार्श्वभूमी

नागपूरचा उन्हाळा कडक व कोरडा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते आणि त्यातून मिळणारा गारवा खोलीत जाणवतो. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत हेच यंत्र फारसे उपयोगी पडत नाही. कूलर हा विदर्भाच्या घराचा भाग झाला आणि किनाऱ्यावर झाला नाही, त्याचे कारण हेच. दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. ताटीला विजेची जोड मिळाली आणि तिचा कूलर झाला. ताटी भिजवणाऱ्या माणसाचा हात पाण्यात असे, तसाच तो आजही असतो. फरक इतकाच की आता त्या पाण्याशेजारी वीज आहे.

स्थानिक कारागिरांनी जस्ताच्या पत्र्यापासून बनवलेले कूलर स्वस्त, मोठे आणि दुरुस्तीला सोपे असतात. त्यांची मोटर, पंप व वायर सुटी विकत घेऊन बसवलेली असते आणि दर एक-दोन उन्हाळ्यांनी त्यांतील काही ना काही बदलले जाते. त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या उपकरणाला जी एकसंध सुरक्षितता असते ती येथे गृहीत धरता येत नाही. बसवणाऱ्याने कोणती वायर वापरली आणि अर्थिंगची तार जोडली की नाही, यावर सर्व अवलंबून राहते.

धक्का कसा लागतो

कूलरचा पत्रा ‘करंट मारतो’ याची कारणे तीन-चारच आहेत. पंख्याच्या मोटरच्या वेटोळ्यांवरील विद्युतरोधक लेप जुना झाला किंवा उडणाऱ्या तुषारांनी भिजला की प्रवाह मोटरच्या कवचातून पत्र्यात उतरतो. पंपाचे सील गेले तर पाणी आतील वेटोळ्यांपर्यंत पोचते आणि टाकीतील सगळे पाणीच विद्युतभारित होते. वायरीचे आवरण पत्र्याच्या धारेवर किंवा खिडकीच्या फटीत घासून फाटते. चौथे कारण म्हणजे वायरीचे सांधे. चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा कोरड्या खोलीत कदाचित वर्षानुवर्षे टिकेल. कूलरच्या पेटीत मात्र तो एका मोसमात सुटतो.

कूलर जर खिडकीच्या लोखंडी गजांना टेकलेला असेल तर दोष एकट्या कूलरचा राहत नाही. गज भारित होतात, आणि गजाला कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली असेल तर तीही. अशा वेळी धक्का लागणारी व्यक्ती कूलरपासून पुष्कळ दूर, ओले कपडे हातात घेऊन उभी असू शकते.

माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या प्रवाहाचे परिणाम मिलिअँपिअरमध्ये मोजतात. घरगुती ५० हर्ट्झच्या प्रवाहाची जाणीव साधारण १ मिलिअँपिअरला होते. १० मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘कूलरला चिकटला’ असे लोक म्हणतात ते यामुळे. वीज ओढून घेत नाही, मूठच उघडत नाही. काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाह छातीतून सेकंदभर वाहिला तरी हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. कोरड्या त्वचेचा विद्युतरोध बराच असतो, परंतु ओला हात आणि ओल्या फरशीवरील अनवाणी पाय यांमुळे तो साधारण १,००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टांना १,००० ओहमने भागल्यास २३० मिलिअँपिअर मिळतात. हा प्रवाह जीवघेणा आहे.

सौम्य झिणझिण्या येणे ही या अपघाताची पूर्वसूचना असते आणि नेमकी तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित होते. दोन टोकांची पिन उलटी करून लावली की झिणझिण्या थांबतात, हा पुष्कळ घरांतला अनुभव आहे. त्यातून दोष गेल्याचा समज होतो. प्रत्यक्षात गळतीची जागा तीच असते. पिन उलटल्याने ती वेटोळ्याच्या फेज टोकाऐवजी न्यूट्रल टोकाच्या जवळ येते आणि पत्र्यावरील विद्युतदाब कमी होतो, इतकेच. लेप आणखी थोडा खराब झाला किंवा दुसऱ्याने पिन पुन्हा सुलटी लावली की तोच पत्रा पूर्ण दाबाने भारित होतो. टेस्टरचा दिवा पेटला तर दोष निश्चित आहे. तो पेटला नाही म्हणून कूलर निर्दोष ठरत नाही.

वायर

कूलर साधारण १५० ते २५० वॉट वीज घेतो, म्हणजे सुमारे १ अँपिअर. इतका प्रवाह बारीक वायरीलाही झेपतो, ती तापत नाही, आणि म्हणूनच हाताशी असेल ती वायर जोडली जाते. परंतु वायरीची जाडी हा येथे दुय्यम प्रश्न आहे. वायरीत तिसरी तार आहे का आणि बाहेरचे आवरण ऊन-पाण्यात टिकणारे आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

वेणीसारखी पिळलेली किंवा चपटी दुहेरी वायर कूलरसाठी अयोग्य आहे. तिच्यात अर्थिंगची तार नसते आणि आवरणही एकेरी असते. योग्य वायर गोल, तीन तारांची व दुहेरी आवरणाची असते. प्रत्येक तारेवर स्वतंत्र आवरण आणि तिन्हींवर मिळून बाहेरचे जाड आवरण. पीव्हीसी आवरणाच्या वायरींसाठी भारतीय मानक आयएस ६९४ आणि रबरी आवरणाच्या केबलींसाठी आयएस ९९६८ लागू आहे. कूलरसाठी १ चौरस मिलीमीटरची तीन तारांची वायर पुरेशी होते. लवचीक वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. जुन्या वायरींत हेच रंग अनुक्रमे लाल, काळा व हिरवा असतात.

साधे पीव्हीसी आवरण नागपूरच्या उन्हात फार काळ टिकत नाही. सतत ऊन लागून ते कडक होते, त्याला बारीक तडे जातात आणि पावसाळ्यात त्याच तड्यांतून पाणी शिरते. गच्चीवर किंवा दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर कूलर असेल तर रबरी आवरणाची केबल वापरणे किंवा वायर नळीतून नेणे श्रेयस्कर. हिवाळाभर अडगळीत गुंडाळून ठेवलेली वायर उंदीर कुरतडतात, त्यामुळे मोसमाच्या प्रारंभी ती संपूर्ण लांबीभर हाताने तपासावी लागते. ही तपासणी अर्थातच पिन काढलेली असताना करायची.

पेटीत शिरताना वायरीला रबरी कडे हवे, नाहीतर पत्र्याची धार तिला कापते. बाहेर वायरीला खालच्या बाजूस एक झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोचत नाही. एक्सटेन्शन बोर्ड कूलरखाली, फरशीवर किंवा पेटीच्या माथ्यावर ठेवणे हा नेहमीचा प्रमाद आहे. वायर अपुरी पडत असेल तर मधे सांधा न देता पूर्ण लांबीची नवी वायर घालणे हाच उपाय.

पिन, सॉकेट आणि अर्थिंग

तीन टोकांच्या पिनेचे वरचे जाड टोक अर्थिंगचे असते. ते इतरांपेक्षा लांब असते, कारण पिन खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून हे टोक काढून टाकलेली किंवा दोन टोकांची पिन लावलेली असली, तर कूलरचा पत्रा आणि जमीन यांच्यात एकच दुवा उरतो, आणि तो म्हणजे त्याला हात लावणारा माणूस.

तीन छिद्रांचा सॉकेट असला म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. पुष्कळ जुन्या घरांत वरच्या छिद्रामागे तारच नसते. काही ठिकाणी ते छिद्र आतल्या आत न्यूट्रलला जोडलेले आढळते. ही जोडणी अत्यंत धोक्याची आहे. मीटरकडून येणारी न्यूट्रल तार कोठे तुटली, तर निर्दोष कूलरचा पत्राही पूर्ण २३० व्होल्टांवर येतो. नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थिंग बांधण्याची जुनी रीतही आता निरर्थक झाली आहे, कारण जमिनीखालच्या नळ्या प्लास्टिकच्या झाल्या आहेत.

अर्थिंगचा खड्डा हा नागपुरात ऋतूशी बांधलेला विषय आहे. शहर व परिसरात काळी माती मोठ्या प्रमाणावर आहे. ती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण मे महिन्यात वाळून तिला भेगा पडतात, खड्ड्यातील नळी व माती यांचा संपर्क सुटतो आणि अर्थिंगचा विद्युतरोध वाढतो. कूलर सर्वाधिक चालतात त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. खड्ड्यात कोळसा व मीठ घालण्याचा आणि उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी ओतण्याचा प्रघात यासाठीच आहे. अर्थिंगची तपशीलवार पद्धती आयएस ३०४३ या मानकात दिली आहे.

फ्यूज, एमसीबी आणि आरसीसीबी

धक्का लागला तर फ्यूज उडेल किंवा एमसीबी पडेल, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ही साधने वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी असतात. सहा अँपिअरचा एमसीबी पडण्यासाठी ६ अँपिअरहून पुष्कळ जास्त प्रवाह लागतो आणि माणसाचा जीव घेण्यास त्याचा विसावा भागही पुष्कळ होतो. अर्थिंग दुबळे असताना तर पत्र्याला थेट फेज लागूनही एमसीबी पडेलच असे नाही. खड्ड्याचा रोध २५ ओहम असेल तर जमिनीत जास्तीत जास्त सुमारे ९ अँपिअर वाहतात. सहा अँपिअरचा एमसीबी इतक्या प्रवाहाला कित्येक सेकंद ते मिनिटे घेतो आणि सोळाचा पडतच नाही. तोवर पत्रा भारित राहतो.

माणसाच्या रक्षणासाठी असलेले साधन म्हणजे आरसीसीबी. जुन्या पिढीत त्याला ईएलसीबी म्हणत आणि अनेक वीजकारागीर आजही तसेच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. दोहोंत तफावत पडली, म्हणजे काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, की ते पुरवठा तोडते. घरांसाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचे साधन वापरतात. मोठी गळती झाल्यास ते सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात पडते. यासाठीचे भारतीय मानक आयएस १२६४० आहे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहायचे असते.

त्यालाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरल्यास आरसीसीबीला तफावत दिसत नाही. अर्थिंगच नसेल तर ते माणसाने हात लावल्यावरच पडते, म्हणजे धक्का बसतो, फक्त तो क्षणिक असतो. अर्थिंग व आरसीसीबी दोन्ही असतील तर कूलरमध्ये दोष निर्माण होताच, कोणी हात लावण्यापूर्वीच, पुरवठा तुटतो. जुन्या वायरिंगच्या घरांत आरसीसीबी वारंवार पडते आणि कंटाळून ते काढून टाकले जाते किंवा तारा त्याच्या बाहेरून जोडल्या जातात. वारंवार पडणे हा बहुतेक वेळा त्या साधनाचा दोष नसून कोठेतरी असलेल्या गळतीचा किंवा दोन मंडलांची न्यूट्रल एकमेकांत मिसळल्याचा पुरावा असतो.

पाणी भरताना

उन्हाळ्यात मोठ्या कूलरची टाकी दिवसातून एकदा-दोनदा भरावी लागते. नळाला पाणी येते त्या वेळेस घाईने पाइप लावला जातो, पाणी बाहेर सांडते, फरशी ओली होते आणि भरणारी व्यक्ती बहुधा अनवाणी असते. टाकी किती भरली हे पाहण्यासाठी एक हात पत्र्यावर टेकवला जातो. धोक्याला लागणाऱ्या सगळ्या अटी येथे एकाच वेळी पूर्ण होतात. घरात हे काम बरेचदा स्त्रिया व मुले करतात.

कूलरवरील बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ते बटण कूलरच्या आत असते आणि तिथपर्यंत येणारी वायर भारितच राहते. भिंतीवरचे बटण बंद करणेही पूर्ण खात्रीचे नाही. वायरिंग करताना फेज व न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल तर बटण न्यूट्रल तोडते आणि फेज कूलरपर्यंत तशीच राहते. खात्रीचा मार्ग एकच, सॉकेटमधून पिन बाहेर काढणे. पिन काढून, पाणी भरून, सांडलेले पाणी पुसून, कोरड्या हाताने पिन पुन्हा लावणे, हा क्रम दोन मिनिटांचा आहे. म्हणून सॉकेट खोलीच्या आत, सहज हात पोचेल अशा उंचीवर असावा लागतो. पलंगामागे किंवा कपाटाआड असलेल्या सॉकेटची पिन कोणी रोज काढत नाही.

वीज गेलेली असतानाचे अपघात हा वेगळा प्रकार आहे. भारनियमनाच्या काळात विदर्भाने तो पुष्कळ अनुभवला. वीज गेली म्हणून कोणी टाकीत हात घालून पंपातील कचरा काढू लागतो आणि तेवढ्यात पुरवठा परत येतो. पंपाचा प्रवाह थांबला की पाण्यात हात घालून तो हलवून पाहण्याची सवयही अशीच घातक आहे.

महावितरणकडून उन्हाळ्यात प्रसिद्ध होणाऱ्या आवाहनांत पाणी भरताना पुरवठा बंद करणे, तीन टोकांची पिन वापरणे, पायात रबरी चप्पल घालणे, मुलांना कूलरपासून दूर ठेवणे या सूचना असतात. चपलेविषयी मात्र एक खुलासा आवश्यक आहे. ओली, झिजलेली चप्पल फारसे रक्षण करत नाही, आणि दुसरा हात गजाला किंवा नळाला लागलेला असेल तर पायातील चपलेचा काहीच उपयोग होत नाही.

प्लास्टिकच्या पेटीचे कूलर पत्र्याच्या कूलरपेक्षा सुरक्षित असतात, कारण पेटी स्वतः वीज वाहून नेत नाही. तरीही पंपाचे सील गेल्यास टाकीतील पाणी भारित होण्याचा धोका त्यांतही राहतो.

पावसाळा, मंडप आणि इतर वापर

जूनच्या आरंभी वळवाच्या सरी येतात तेव्हा कूलर अजून चालू असतात. वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस मोटरवर व सॉकेटवर पडतो. उघड्यावरील उपकरणांचा पाण्यापासून बचाव किती आहे हे आयपी संकेतांकाने दर्शवतात. त्यातील दुसरा अंक पाण्याविषयी असतो: ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे तुषार, ५ म्हणजे पाण्याची धार आणि ७ म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडणे सहन होते. बाहेरच्या भिंतीवर सॉकेट बसवणे भाग असेल तर तो झाकणाचा व किमान आयपी ४४ दर्जाचा असावा. घरातील साध्या सॉकेटला असा कोणताही बचाव नसतो. मोसम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवणे डेंग्यूच्या डासांसाठी आवश्यक मानले जाते, आणि तेही काम पिन काढूनच करावे लागते.

गणेशोत्सव व नवरात्रातील मंडपांत प्रश्न तोच, व्याप मोठा. रोषणाईच्या वायरी लोखंडी खांबांवरून व ओल्या जमिनीवरून जातात आणि सांधे शेकड्यांनी असतात. मंडळांनी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे, असे महावितरण दरवर्षी सांगते.

पुराच्या वेळी धोक्याचे स्वरूप पालटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा प्रसंगी सॉकेट व मीटरपेटी पाण्याखाली जाते, त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी लागते. मुख्य स्विचपर्यंत जाण्यासाठीच पाण्यातून जावे लागत असेल तर तसे न जाता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर पुरवठा तोडण्यास सांगणे योग्य. पाणी उपसण्यासाठी एक्सटेन्शन बोर्डावर मोटर लावणे हा पुरानंतरच्या दिवसांतील धोका आहे.

नियम

आयएस ३३१५ हे बाष्पीभवनावर चालणाऱ्या कूलरचे भारतीय मानक आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांमध्ये, आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांमध्ये, गळतीरोधक साधनाची सक्ती होती. तथापि २५० व्होल्टांपर्यंतच्या आणि ५ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या जोडण्यांना त्यातून सूट होती. सामान्य मध्यमवर्गीय घर या सुटीत बसत असे आणि कूलर तर तेथेच असतो. २०१० चे विनियम २०२३ मध्ये बदलण्यात आले. अमेरिकेत विचार वेगळ्या दिशेने झाला. तेथील विद्युत संहितेने १९७३ मध्ये घराबाहेरच्या सॉकेटांना गळतीरोधक साधन आवश्यक केले. कसोटी घराच्या भाराची नव्हती, जागा ओली आहे की नाही याची होती. कूलरच्या बाबतीत हीच कसोटी अधिक समर्पक ठरते.

धक्का लागल्यास

चिकटलेल्या व्यक्तीला हाताने ओढू नये. एकाला वाचवायला गेलेला दुसराही दगावतो. प्रथम पिन काढावी किंवा मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने व्यक्तीला दूर ढकलावे. ओली काठी किंवा धातूची वस्तू वापरू नये.

व्यक्ती प्रतिसाद देत नसेल व श्वास चालत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लगेच छातीदाब सुरू करावा. छातीच्या मध्यभागी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. शुद्धीवर आलेल्या व्यक्तीलाही दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा, कारण ठोक्यांतील बिघाड वरून दिसत नाही.

विजेच्या अपघातात मृत्यू झाल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकास सूचना द्यावी लागते आणि त्या कार्यालयामार्फत चौकशी होऊ शकते. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची मानली जाते, त्यामुळे चौकशीत अर्थिंग, पिन व वायर यांची स्थिती महत्त्वाची ठरते. चौकशी होईपर्यंत कूलर व त्याची वायर आहे त्या स्थितीत ठेवणे आवश्यक असते.